सरकारी फॅक्टरी आणि खासगी कंपनी एकाच निविदेत उतरतात तेव्हा

रेंजहिल्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण हा विषय मला थोडक्यात मांडता येत नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत चौतीस वर्षे होते. हुद्दा डीबीडब्ल्यू, म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर. मी स्वतः चाकणला एका खासगी कंपनीत कॉस्टिंग बघतो आणि गेली सहा वर्षे संरक्षण खात्याच्या निविदांचे दर काढतो. ज्या फॅक्टरीच्या पगारावर माझं इंजिनिअरिंग झालं, तिच्याच वारसदार कंपनीच्या समोर आज मी दर भरतो. दोन्ही बाजूंचं मीठ खाल्लंय, म्हणून लिहितोय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारी शस्त्रं-दारूगोळ्याचे कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि त्याच्या ४१ फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. आपल्या महाराष्ट्रात दहा. खडकीच्या दोन, देहू रोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा ह्या सहा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या. अंबरनाथच्या दोन, भुसावळ आणि अंबाझरी ह्या चार नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ ची. दीडशे वर्षांत तिने कधी निविदा भरली नव्हती. लष्कराकडून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, यायचं, फॅक्टरी माल करायची, आणि जो खर्च होईल त्यावरून 'इश्यू प्राइस' ठरायची. कंपनी झाल्यावर आधीची इंडेंट्स करारात बदलून दिली, सुमारे ६५ हजार कोटींची. ती संपतील तसं नवं काम स्पर्धेतूनच मिळवायचं, असं ठरलं.

स्पर्धेला माझा विरोध नाही. माझा आक्षेप स्पर्धेत काय मोजतात त्याला आहे.

वडिलांबरोबर लहानपणी एकदाच फॅमिली डेला आत गेलो होतो. डेंजर एरियाच्या तोंडाशी एक फळी आडवी टाकलेली असते. अलीकडे आपले बूट काढायचे, पलीकडे आतले बूट घालायचे, खिळा नसलेले. काडेपेटी, किल्ल्या, बायकांच्या केसांतल्या पिना, सगळं बाहेर. आतली हत्यारं ठिणगी न पडणाऱ्या धातूची. प्रत्येक इमारतीभोवती मातीचा उंच बांध, एक उडाली तर दुसरीला धक्का लागू नये म्हणून. आणि दोन इमारतींमध्ये इतकं अंतर की तेवढ्यात आमच्या चाकणच्या अख्ख्या दोन कंपन्या बसतील. ही जमीन, हे बांध, ही माणसं वर्षाचे बाराही महिने राखावी लागतात, ऑर्डर असो नसो. शांततेत त्यातलं निम्मं रिकामं राहतं. ते रिकामं राहणं हेच त्यांचं काम आहे, कारण लढाई लागली की सहा आठवड्यांत तिप्पट माल लागतो. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल चालू होतं तेव्हा वडील घरी फक्त झोपायला यायचे. आई डबा दुपारी एक आणि रात्री एक असा दोनदा गेटवर नेऊन द्यायची.

आता निविदा येते. तिच्यात एकच आकडा बघतात, नगाचा दर. मी दर काढतो तेव्हा माझी यंत्रं भरलेली धरतो. संरक्षणाचं काम नसेल तर त्याच लेथवर आम्ही ट्रॅक्टरचे शाफ्ट काढतो. फॅक्टरीला ते करता येत नाही, आणि रिकाम्या क्षमतेचा सगळा बोजा तिच्या नगावर पडतो. मग ती एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दराच्या पहिल्या नंबरला, येत नाही, आणि आपण म्हणतो सरकारी म्हणजे महाग. तयार राहण्याचा खर्च देशासाठी होतो, तर तो देशाने वेगळ्या खात्यात द्यावा आणि मग नगाच्या दरावर खुशाल झुंजू द्यावं, एवढंच माझं म्हणणं. तुमचं मत वाचायला आवडेल, विशेषतः ज्यांनी आत काम केलंय त्यांचं.

निविदा_अभ्यास

लेख मनापासून लिहिलाय हे जाणवतं, म्हणून विरोधही मनापासून करतो. रेंजहिल्स, तुम्ही रिकाम्या क्षमतेबद्दल बोलता, पण दीडशे वर्षे स्पर्धा नव्हती त्याचं काय झालं तेही बघा. बोफोर्सचा करार १९८६ चा. तोफा देशात बनवण्यासाठीचे नकाशे आणि कागद त्या करारातच आले होते. ते जबलपूरच्या सरकारी फॅक्टरीत कित्येक वर्षे पडून होते. त्यावरून 'धनुष' तोफ उभी राहिली आणि तिला मोठ्या उत्पादनाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. ११४ तोफांची ऑर्डर. तेहतीस वर्षे! ज्याला गिऱ्हाईक जाण्याची भीती नसते त्याला कागद उघडण्याची घाई नसते.

याउलट हातबॉम्ब बघा. लष्कराकडे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रचनेचे ३६ नंबरचे ग्रेनेड होते. डीआरडीओने, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेने, नवं मल्टी-मोड ग्रेनेड तयार केलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरच्या खासगी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जला १० लाख नगांची ४०९ कोटींची ऑर्डर मिळाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये माल लष्कराच्या हातात पडायला लागला सुद्धा. २००१ साली संरक्षण उत्पादन खासगी भारतीय कंपन्यांना खुलं केलं नसतं तर हे घडलं असतं का?

लेखा_निवृत्त

मी संरक्षण लेखा विभागात होतो, म्हणून काही गोष्टी ऐकीव नसून कागदावरच्या सांगतो.

कंपनी करा असं सांगणारी २०२१ ची पहिली मंडळी नव्हती. २००० मध्ये टी. के. ए. नायर समिती, मग २००४-०५ मध्ये आपले विजय केळकर, २०१५ मध्ये व्हाइस ॲडमिरल रमण पुरी, आणि त्यानंतर लेफ्टनंट जनरल शेकटकर. प्रत्येकाने कमीजास्त फरकाने हेच लिहिलं. आणि कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, २०१५ चा दारूगोळ्याच्या साठ्यावरचा अहवाल ज्यांनी वाचला त्यांना झोप लागली नसेल. नियमाप्रमाणे ४० दिवसांच्या तुंबळ युद्धाला पुरेल इतका साठा हवा. मार्च २०१३ ला निम्म्या प्रकारांत तो १० दिवसांचाही नव्हता. फॅक्टऱ्यांकडून ठरलेला माल वेळेत न येणं हे त्याचं एक मोठं कारण अहवालातच दिलंय. त्यामुळे श्री. रेंजहिल्स, 'रिकामी क्षमता देशासाठी राखली होती' हे वाक्य अर्धंच खरं आहे. क्षमता होती, माल नव्हता.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. इश्यू प्राइसमध्ये काय काय मिसळलेलं असायचं ते मी वर्षानुवर्षे तपासलंय. वसाहतीचे रस्ते, दवाखाना, शाळा, पहारा, आणि जी यंत्रं त्या वर्षी चाललीच नाहीत त्यांचा घसारा. हे सगळं ओव्हरहेड म्हणून नगावर चढायचं. ऑर्डर कमी आली की तेवढाच ओव्हरहेड कमी नगांवर वाटला जाई, दर वाढे, वाढलेला दर बघून लष्कर पुढच्या वर्षी आणखी कमी मागे. हे चक्र मी डोळ्यांनी फिरताना पाहिलंय. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तयारीचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली टाकावा अशी टिपणंही लिहिली गेली, मी स्वतः एक लिहिलं होतं. पुढे गेलं नाही.

सुभेदार_सातारा

राम राम मंडळी. इन्फंट्रीत चोवीस वर्षे काढली. वरची चर्चा वाचली, आता ज्याच्या हातात माल पडतो त्याचं ऐका.

३६ चं ग्रेनेड मी फेकलंय, शिकवलंय. पिन काढायची, लिव्हर दाबून धरायची, फेकायचं आणि आडोशाला जायचं. ते एकाच प्रकारे फुटायचं, तुकडे सगळीकडे. पुढे धावून जायचं असेल तर आपल्याच तुकड्यांची भीती. नव्यात बाहेरची बाही काढली की फक्त स्फोटाचा दणका, घातली की तुकडे. हे आमच्या पोरांना मिळालं ह्याचा मला आनंद आहे. कुणी बनवलं हे जवान विचारत नाही.

जवान एकच विचारतो, चालेल का? माझ्या नोकरीत एकदा रेंजवर एका लॉटची काडतुसं धडाधड अडकायला लागली. कुठली ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. लॉट बाजूला काढला, कागद वर गेले, आणि पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. माल सरकारी असो की खासगी, तक्रारीचं उत्तर युनिटपर्यंत परत आलं पाहिजे. ह्या निविदांत दराशेजारी तो रकाना असतो का, एवढं कुणीतरी सांगा.

रेंजहिल्स

सुभेदार साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर दराशेजारी तो रकाना नसतो. आधी तांत्रिक पात्रता आणि चाचण्या असतात, पास की नापास. एकदा पास झालात की सगळे सारखे, मग उरतो फक्त दर. मागच्या पाच वर्षांत कुणाचे किती लॉट परत आले ह्याला गुण नाहीत.

आणि ह्यातच माझा दुसरा आक्षेप दडलाय, जो मुख्य धाग्यात लिहायचा राहिला. माल तपासणारी डीजीक्यूए ही संस्था संरक्षण उत्पादन विभागाखाली येते. सातही सरकारी कंपन्यांचा मालक तोच विभाग. आणि खासगी कंपन्यांना परवाने, निर्यातीच्या परवानग्या, डीआरडीओचं तंत्रज्ञान, ह्या सगळ्यासाठीही तेच मंत्रालय. ज्याचा संघ खेळतोय त्यानेच पंच नेमायचे. मी खासगीच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. ह्याचा तोटा सरकारी कंपनीलाही होतो, कारण ती खरोखर गुणवत्तेवर जिंकली तरी लोक म्हणतात घरचाच पंच होता.

लेखा_निवृत्त सर, कॅगचा मुद्दा मान्य. माझ्या लिहिण्यात वडिलांबद्दलचं प्रेम उतरलं आणि तेवढा भाग झाकला गेला.

वैनगंगा

माझं माहेर भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचं. भाऊ अजून फॅक्टरीत आहे. इथे सगळे दर, समित्या, अहवाल बोलताहेत, म्हणून माणसांचं थोडं लिहिते.

२०२१ मध्ये जवळपास ७० हजार कामगार एका रात्रीत 'डीम्ड डेप्युटेशन'वर गेले. म्हणजे नोकरी केंद्र सरकारची, काम कंपनीचं. आधी दोन वर्षांसाठी म्हणाले, मग मुदत वाढवत राहिले. त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आला, संप करता येणार नाही असा. भाऊ सांगतो, आता पूर्वीसारखा ओव्हरटाइम नाही, काही सेक्शनला काम भरपूर आणि काहींना लोक सकाळी हजेरी लावून बसलेले. जुनी माणसं निवृत्त होतात त्या जागी कंत्राटी पोरं येतात. रेंजहिल्स दादा, तुम्ही ज्या बुटांच्या फळीबद्दल लिहिलंत ना, ती ओलांडायची सवय अंगात मुरायला वर्षं लागतात असं माझे बाबा म्हणायचे. सहा महिन्यांच्या कंत्राटावरच्या पोराच्या अंगात ती कधी मुरणार?

जानेवारी २०२५ मध्ये इथे स्फोट झाला, आठ माणसं गेली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावला खासगी कारखान्यात झाला तेव्हा नऊ गेली होती. आमच्याकडे दोन्हीकडची घरं आहेत, एकाच गावात. त्यामुळे खासगी चांगलं की सरकारी चांगलं हा वाद आमच्या चौकात कुणी घालत नाही. निविदेत सर्वांत कमी दर मागितला की तो दर कुठून तरी कमी होतोच, आणि भरणीच्या, म्हणजे गोळ्यांत स्फोटकं भरण्याच्या, कामात कमी करण्यासारखं फार थोडं असतं. माणसं, प्रशिक्षण आणि अंतर. ह्या तिन्हींचा खर्च निविदेत आधीच ठरवून द्यावा, त्यावर बोलीच नको.

निविदा_अभ्यास

वैनगंगाताई, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटला. सुरक्षिततेचा खर्च बोलीबाहेर ठेवणं अवघड नाही. ती रक्कम निविदेतच ठरवून टाकायची आणि सगळ्यांना सारखीच द्यायची. मी आधी लिहिलेलं मागे घेत नाही, पण हे त्याला जोडून घ्या.

डर्बीवाला

इंग्लंडमध्ये बारा वर्षे आहे, म्हणून इथलं एक उदाहरण. ब्रिटननेही आपल्या रॉयल ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आधी कंपनी केल्या आणि १९८७ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसला विकल्या. विकल्यानंतर बऱ्याच जुन्या जागा बंद झाल्या. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर इथे एकच ओरड होती की १५५ मिलिमीटरचे गोळे वाढवायला कारखानेच नाहीत. एकदा मोडलेली भरणीची इमारत पुन्हा उभी करायला वर्षं जातात. कंपनी करणं आणि विकणं ह्या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. भारत पहिलीवर आहे, दुसरी चढण्याआधी थांबून बघावं.

भोसरी_लेथ

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, सात यंत्रं, अकरा माणसं. फ्यूजचे, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागाचे, बारीक पार्ट करतो. सरकारी फॅक्टरीलाही देतो, खासगी मोठ्या कंपनीलाही. वरचे सगळे मोठ्या झुंजीबद्दल बोलतात, पण दोन्हीकडच्या दराखाली शेवटी आमच्यासारखेच असतात.

सरकारी गिऱ्हाइकाचं चांगलं काय? छोट्या उद्योगांसाठी २५ टक्के खरेदी राखीव आहे, अनामत रक्कम माफ असते, आणि माझा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असला तर त्या दराला यायची संधी मिळते. वाईट काय? पैसे. कायद्याने ४५ दिवस. एका फॅक्टरीने माझं बिल सात महिने ठेवलं होतं, कारण विचारलं तर इन्स्पेक्शन नोट एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली नव्हती. त्या सात महिन्यांत मी बायकोचे दागिने ठेवून पितळेचा बार आणला. खासगीवाला पैसे तीन महिन्यांनी देतो, पण तारीख सांगतो आणि त्या तारखेला देतो. दर मात्र दर वर्षी पाच टक्के कमी कर म्हणतो.

सरकारी कंपनी स्पर्धेत आल्यापासून एक फरक नक्की पडलाय. पूर्वी फोन उचलायचे नाहीत, आता खरेदीतले साहेब स्वतः विचारतात, माल कधी येतोय. त्यांनाही आता उशिराचा दंड बसतो ना.

लेखा_निवृत्त

भोसरीकरांनी सांगितलेला फरक आकड्यांतही दिसायला लागलाय. पहिल्या सहा महिन्यांतच सातपैकी सहा कंपन्यांनी तात्पुरत्या हिशोबात नफा दाखवला. दाखवला नाही तो नेमका आपल्या नागपूरच्या यंत्र इंडियाने. ह्याचं कारण समजून घ्यावं. ती बहुतांश धातूचे भाग करते, आणि ते भाग भोसरीपासून राजकोटपर्यंत हजारो लोक करू शकतात. म्युनिशन्स इंडियाची भरणीची क्षमता तशी कुठेही मिळत नाही. तिला मे २०२५ मध्ये मिनीरत्न, म्हणजे सरकारी कंपनीला जास्त अधिकार देणारा, दर्जाही मिळाला. म्हणजे 'सरकारी विरुद्ध खासगी' हा एकच प्रश्न नाही. ज्या कामाला बाजार आहे तिथे झुंजू द्या. जिथे बाजारच नाही तिथे निविदा काढून बाजार तयार होत नाही.

पूर्वी सरकारी कंपन्यांना खरेदीत सरसकट प्राधान्य होतं, दर १० टक्क्यांच्या आत असेल तर एल-वनच्या दराला काम घेता यायचं. ते मार्च २००८ ला संपलं आणि माझ्या मते ठीकच झालं. ते सगळ्यांना सारखं होतं, गरज कुणाची हे बघत नव्हतं.

रेंजहिल्स

सरांनी जी रेघ ओढली ती मला हवी होती आणि सापडत नव्हती. त्याला जोडून दोन अलीकडची उदाहरणं देतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका ह्या लष्कराच्या रॉकेट यंत्रणेच्या रॉकेटांचे १०,१४७ कोटींचे करार झाले. ते खासगी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया ह्या दोघांनाही मिळाले. आणि मार्चमध्ये पुण्याच्या एआरडीई ह्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या एटॅग्स तोफेचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, ३०७ तोफा. त्यात सर्वांत कमी दराच्या भारत फोर्जला ६० टक्के आणि टाटांना ४० टक्के. जिंकणाऱ्याला सगळं न देता दुसराही जिवंत ठेवला. हीच पद्धत दारूगोळ्याला लावावी असं मला वाटतं. ६० टक्के झुंजीचे, आणि उरलेलं अशा उत्पादकाला जो लढाईच्या वेळी तिप्पट माल देण्याची लेखी हमी देईल, सरकारी असो वा खासगी. हमीची किंमत वेगळी मोजा, आणि दर दोन वर्षांनी खरंच तिप्पट गतीने लाइन चालवून दाखवायला लावा. जो दाखवू शकणार नाही त्याचा हमीचा पैसा बंद. डर्बीवाल्यांच्या इंग्लंडला आज हेच पैसे कितीतरी पटींनी मोजावे लागताहेत.

सुभेदार_सातारा

तिप्पट गतीने लाइन चालवून दाखवा, हे आवडलं. आम्हीही सराव शांततेतच करतो.

वैनगंगा

चालवून दाखवायच्या दिवशी कंत्राटी पोरांना आत सोडणार की जुन्यांना, हेही त्या कागदात लिहा म्हणजे झालं.

रेंजहिल्स

ताई, बरोबर आहे. कायम आणि प्रशिक्षित डीबीडब्ल्यूंची किमान संख्या हमीतच घालायला हवी. वडिलांना आज हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, संख्या लिहा आणि वयही लिहा, सगळे पन्नाशीचे असले तर हमी कसली.

भोसरी_लेथ

रेंजहिल्स साहेब, एक कामाचं विचारतो. सोमवारी मला एका फ्यूज पार्टचा दर भरायचाय, तीन वर्षांचा करार, नग पहिल्या वर्षीच नक्की आहेत, पुढची दोन वर्षे 'गरजेनुसार'. माझं एक स्लायडिंग हेड यंत्र ह्या कामालाच अडकून राहणार. दर कसा काढू?

रेंजहिल्स

पुढच्या दोन वर्षांचे नग शून्य धरा आणि यंत्राचा हप्ता पूर्ण पहिल्या वर्षाच्या नगांवर टाकून एक दर काढा. मग सगळे नग येतील असं धरून दुसरा काढा. दोन्हींतला फरक बघा, तोच तुमचा तयार राहण्याचा खर्च आहे. निविदेत तो मागायला जागा नसेल तर प्री-बिडच्या, म्हणजे बोली भरण्याआधीच्या, प्रश्नांत लेखी विचारा, किमान नगांची हमी देता का म्हणून. मुदत बहुधा उद्या संध्याकाळपर्यंत असेल, पोर्टलवर आधी ती तारीख बघा. आणि पितळेचा दर आजचा धरू नका, बदलाचं कलम आहे का ते वाचा. रात्री नऊनंतर मी मोकळा आहे, शीट पाठवा, बघून देतो.